गाव सुटलं, आडनाव झालं: नागपूरच्या घराण्यांची मुळं शोधताना

नागपूरच्या राजघराण्याला इतिहासात दोन ओळखी आहेत. पुणे-साताऱ्याच्या बाजूने लिहिणारे त्यांना 'नागपूरकर भोसले' म्हणतात. घराण्याची कुळकथा सांगणारे 'हिंगणीकर भोसले' म्हणतात, कारण त्यांचं मूळ घर पुणे भागातल्या हिंगणीचं. आता विचार करा, हिंगणीत राहत होते तेव्हा त्यांना कोण हिंगणीकर म्हणत असेल? तिथे सगळेच हिंगणीचे. ते नाव गाव सोडल्यावर चिकटलं. आणि नागपूरकर हे नाव नागपूरच्या रयतेने दिलेलं नाही, दूर बसून नागपूरच्या भोसल्यांना इतर भोसल्यांपासून वेगळं ओळखण्याची गरज ज्यांना पडली त्यांनी दिलं.

आडनावावरून पूर्वजांचा माग काढायचा असेल तर सगळ्यात आधी हे ध्यानात घ्यावं लागतं. गावाचं नाव माणसाला त्या गावात मिळत नाही. ते गाव सुटल्यावर, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कोणाच्या तोंडून मिळतं. रामटेकात राहणाऱ्याला 'रामटेकचा' म्हणून काही उपयोग नाही. तो कामठीला किंवा भंडाऱ्याला जाऊन राहिला की रामटेके होतो. उमरेडकर, काटोलकर, पवनीकर, नागपुरे या सगळ्यांचं तेच. चांदेकर या नावात तर शहराचं जुनं नाव टिकून आहे: चंद्रपूरला लोक चांदा म्हणत होते तेव्हा कोणीतरी तिथून बाहेर पडलं.

म्हणून आडनावात गाव सापडलं की 'आपण तिथले' एवढ्यावर थांबू नका. एखादं कुटुंब दीडशे-दोनशे वर्षांत तीन गावं फिरलं असेल. त्यातल्या ज्या मुक्कामी मास्तरने किंवा पटवाऱ्याने 'कुठले रे तुम्ही?' असं विचारून कागदावर लिहून घेतलं, त्याच्या आधीचं गाव आडनावात अडकलं. त्याहून जुनी गावं आडनावातून गळाली आणि नंतरची तर आडनावात शिरलीच नाहीत. शिवाय बोरगाव, पिंपळगाव, हिवरा, वडगाव अशी गावं दर तालुक्याला सापडतात. बोरकर आडनावाच्या दोन घरांची मुळं दोन वेगळ्या बोरगावांत असू शकतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसू शकतो.

नागपुरात हा शोध घेणं विशेष गोड आहे, कारण हे शहरच येणाऱ्यांनी भरलेलं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास इथल्या वाड्या-वस्त्या एकत्र करून नगर वसवलं, त्याचा मुलगा चांद सुलतान याने इथे राजधानी आणली. चांद सुलतानच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचं भांडण पेटलं, त्यात रघुजी भोसले आले आणि १७४० च्या दशकात नागपूर त्यांचं झालं. राजाच्या मागे सरदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, शिपाई आले. देशावरचे, कोकणातले, वऱ्हाडातले. महाल या नागपूरच्या जुन्या भागातल्या वाड्यांच्या आडनावांत ही पहिली मोठी लाट आजही वाचता येते. चिटणवीस, फडणवीस, सुभेदार, बक्षी ही कामाची नावं. त्यांत गावाचा पत्ता नाही, दरबारातली जागा आहे. अशा घरांना मूळ गाव शोधायचं तर आडनाव बाजूला ठेवून कुलदैवत, गोत्र आणि सनदा यांच्याकडे वळावं लागतं. वऱ्हाडपांडे यासारखं नाव मात्र दोन्ही सांगतं, मुलूखही आणि हुद्दाही.

प्रवास एका दिशेचा नव्हता, हेही लक्षात ठेवावं. रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात बसून छत्तीसगडचा कारभार पाहिला. ओडिशा १७५१ ते १८०३ नागपूरच्या अमलाखाली होतं. त्यामुळे रायपूर-बिलासपूरकडच्या एखाद्या मराठी घराची वंशावळ मागे मागे जात महालात येऊन पोचते, आणि नागपूरच्या एखाद्या घराची हरवलेली फांदी छत्तीसगडात सापडते.

इंग्रजांच्या काळात दुसऱ्या दिशांनी दारं उघडली. कामठीची छावणी १८२१ ची. तिथे मद्रास फौजेच्या पलटणी होत्या, त्यांच्याबरोबर तमिळ आणि तेलुगू कुटुंबं आली. पिल्ले, मुदलियार, नायडू ही नावं आज कामठी-सदरला परकी वाटत नाहीत. तमिळ घरांत मुळात आपल्यासारखं आडनाव नसतं. नावाआधी एक-दोन अक्षरं असतात, त्यातलं एक वडिलांचं, कधी दुसरं गावाचं. इथल्या शाळेच्या अर्जात आडनावाचा रकाना आला तेव्हा अनेकांनी समाजाची पदवी तिथे लिहिली. म्हणजे शोध घेणाऱ्याने 'पिल्ले' या शब्दाशी झुंजत बसू नये. पणजोबांच्या नावाआधीचं ते एक अक्षर कशाचं होतं हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. गाव कदाचित त्या अक्षरातच असेल.

बिकानेरकडून डागा आले. त्यांच्या पेढीची आठवण शहरात कस्तुरचंद पार्क आणि डागा रुग्णालय या नावांनी रोज निघते. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या हजेरीपटावर आसपासच्या जिल्ह्यांतली माणसं चढली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिच्यामागून बंगाली कुटुंबं आली. उत्तरेकडून आलेले विणकर मोमिनपुऱ्यात आणि कामठीत वसले. त्यांच्यातलं अन्सारी हे आडनाव समाज सांगतं, गाव सांगत नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती जरीपटक्याला झाली. त्यांच्या आडनावांची रीत मला फार हृद्य वाटते. शेवटी 'आणी' लागणाऱ्या बहुतेक नावांच्या आधी एखाद्या पूर्वजाचं नाव असतं. अमक्याचे वंशज, असा त्याचा भाव. ज्यांचं गावच सरहद्दीपलीकडे राहिलं, त्यांच्या आडनावात गाव नाही पण माणूस आहे, आणि तो पुसला गेला नाही.

आता 'वार'ने संपणाऱ्या नावांकडे येऊ. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात आणि तिथून नागपुरात ही आडनावं भरपूर: मुनगंटीवार, वडेट्टीवार, कोतपल्लीवार, येरावार. हा शेवट तेलुगूतल्या 'वारु'चा. अमक्या घरचे, अमक्या ठिकाणचे, असा आदराचा अनेकवचनी अर्थ त्यात आहे. कोतपल्ली म्हणजे नवं गाव. तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं आणि माणसाचं नंतर. ही कुटुंबं मराठी मुलखात रुळली तेव्हा घराण्याचं नाव शेवटी गेलं आणि त्याला 'वार' पक्कं झालं. पुष्कळ घरांत तेलुगू केव्हाच सुटली. काही ठिकाणी देवघरातला बालाजी, एखादं सणाचं पक्वान्न आणि आजीच्या तोंडचे चार शब्द एवढंच उरलं आहे. पण आडनावाने ते धरून ठेवलं.

तरी इथेही सावध राहावं. हेडगेवार घराणं तेलंगणातल्या कंदकुर्तीहून नागपूरला आलं, हे सर्वश्रुत आहे. पण कंदकुर्ती त्या आडनावात कुठेच नाही. आडनावाने भाषेची दिशा दाखवली, गाव मात्र घराण्याच्या आठवणीने आणि कागदाने सांगितलं. आणि शेवटी 'वार' ऐकू आलं म्हणून पवार किंवा पोवार तेलुगू होत नाहीत. भंडारा-गोंदिया-बालाघाटकडचे पोवार आपली परंपरा माळव्यातल्या धारशी जोडतात, त्यांची पोवारी बोली वेगळी, आणि बिसेन, पटले, रहांगडाले, कटरे ही त्यांची कुळनावं त्या परंपरेतच बघावी लागतात.

येणाऱ्यांच्या या गर्दीत, ज्यांच्या राजाने हे शहर वसवलं त्यांच्या नावांची गोष्ट निराळी आहे. मडावी, उईके, टेकाम, मरकाम, आत्राम, धुर्वे, कुमरे. गोंडांच्या आडनावांत निघून आलेलं गाव शोधू नये, कारण ती गावावरून पडलेली नाहीत. ती कुळांची नावं आहेत. टेकाममध्ये सागाचं झाड आहे, मरकाममध्ये आंब्याचं. कुळं देवांच्या संख्येनुसार गटांत विभागलेली असतात, चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे, आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. म्हणजे आडनाव ऐकताच समोरचा भाऊ लागतो की सोयरा, हे कळतं. हे नाव कारकुनाने दिलेलं नाही, त्याच्या वहीच्या कितीतरी आधीचं आहे. नागपूरच्या इतिहासावर बोलताना आपण भोसल्यांपासून सुरुवात करतो आणि ही नावं विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक आडनाव म्हणजे एक जात, हा समज आधीच सोडून द्या. मेश्राम घ्या. तेलंगणाच्या आदिलाबाद भागात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तिचा मान गोंडांच्या मेसराम कुळाकडे आहे. आणि नागपूर-भंडाऱ्यातली असंख्य बौद्ध कुटुंबं मेश्राम आहेत. चौधरी, भगत, देशमुख, पाटील ही नावं किती समाजांत आहेत ते सांगायलाच नको. नुसत्या आडनावावरून कोणाचं कुळमूळ ठरवणं शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

मग पुढे जायचं कसं? कागदाने. आणि नागपूरकडचे कागद पश्चिम महाराष्ट्रातल्या कागदांपेक्षा वेगळे आहेत, कारण हा मुलूख इंग्रजांच्या मध्य प्रांतात होता आणि इथे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. ती संपली १९५१ मध्ये. गावपातळीवर जन्म-मृत्यू कोतवाल नोंदवायचा. त्या नोंदवहीला आजही सगळे कोतवाल बुकच म्हणतात, आणि जातपडताळणीमुळे तिचं महत्त्व घरोघरी माहीत झालं आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून तिची नक्कल मिळते. त्याबरोबर जमीन असेल तर अधिकार अभिलेख, पी-१, खसरा हे जुने महसुली कागद. शहरात घर असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि जुनी खरेदीखतं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. मागे जाल तशा नोंदी मोडीत मिळू लागतील. मोडी वाचणारा जाणकार गाठा, अंदाजाने वाचू नका. मोडीतल्या एका अक्षराच्या फरकाने घराणं बदलतं.

पण आडनाव घेऊन कोतवाल बुक उघडलंत तर हाती काही लागायचं नाही. तिथे नोंद असते ती अशी: 'रामा वल्द गोविंदा, साकिन मौजा अमुक, जात अमुक.' वल्द म्हणजे मुलगा, साकिन म्हणजे राहणार. बाईची नोंद 'जौजे लक्ष्मण' किंवा नवरा वारला असेल तर 'बेवा लक्ष्मण'. आडनाव बऱ्याचदा नसतंच. जन्माच्या नोंदीत तर बाळाचंही नाव पुष्कळदा नसतं, कारण कोतवालाने खबर लिहिली तेव्हा बारसं व्हायचं होतं. मुलगा की मुलगी, तारीख आणि बापाचं नाव, एवढंच. म्हणून शोधायला निघण्याआधी आजोबा, पणजोबा आणि त्यांचे भाऊ यांची पहिली नावं, गाव आणि अंदाजे सालं जमवून ठेवायची. आडनाव इथे सगळ्यात शेवटी कामाला येतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै असेल तर ती गुरुजींनी शाळेत घालताना सोयीने टाकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्या तारखेला कोतवाल बुकात शोधू नका, मागची-पुढची दोन-तीन वर्षं चाळा.

नावाचं रूपही बदलतं. घरात ज्यांना धोंडबाजी म्हणत, त्यांना वहीत धोंड्या लिहिलेलं सापडतं. विदर्भात वडीलधाऱ्यांच्या नावाला 'जी', 'बाजी', 'बापू' लावायची रीत. वहीत ती सरसकट पाळली गेली नाही. कोणाला 'राव' मिळालं आणि कोणाचं नाव तोडून लिहिलं गेलं, ते जात पाहून ठरलं. खालच्या मानलेल्या जातींच्या माणसांसाठी हा शोध म्हणूनच सोपा नाही. पणज्याचं नाव सापडल्याचा आनंद आणि ते कसं लिहिलंय हे बघून येणारा संताप, दोन्ही एकाच ओळीत भेटतात. अशी नोंद सापडली तर वंशावळीत घरातलं मानाचं नाव लिहा आणि कंसात वहीतलं. पुढच्या पिढीला दोन्ही लागतील. एक हाक मारायला, दुसरं नक्कल काढायला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या कागदांत जातीचा रकाना बदलतो, आणि मुलांची नावंही बदलतात. सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता. आडनाव बहुधा तेच राहतं, रामटेके, मेश्राम, खोब्रागडे, वासनिक. त्यामुळे १९५६ च्या अलीकडची आणि पलीकडची नोंद एकाच घरची आहे हे जुळवताना आडनाव फार मोलाचं ठरतं. बाबासाहेबांचं स्वतःचं नावही हीच वाट दाखवतं: कुळ सकपाळ, गाव कोकणातलं आंबडवे, आणि शाळेच्या वाटेने आलेलं आडनाव आंबेडकर. सकपाळ आठवणीत नसतं तर आंबेडकरांवरून कुळ कळलं नसतं.

या सगळ्यात एक मोठी उणीव आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. रघुजींच्या काळापासून आजपर्यंत सुमारे २८० वर्षं झाली. एका पिढीला २८ वर्षं धरली तर दहा पिढ्या. आईवडील २, आजी-आजोबा ४, त्यांचे आईवडील ८, असं दुप्पट करत गेलात तर दहाव्या पिढीला १०२४ जागा होतात. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल ज्या घरांत होती तिथे एकच माणूस दोन-तीन जागी येतो, म्हणून प्रत्यक्ष माणसं कमी भरतील. तरी शेकड्यांनी असतील. तुमचं आडनाव त्यांतल्या फक्त एकाचं आहे. बापाच्या बापाच्या बापाचं. आडनावावरून 'आमचे पूर्वज साताऱ्याचे' म्हणणारा बाकीच्या सगळ्यांबद्दल काहीच बोललेला नसतो. ते इथल्याच मातीतले असतील, झाडीपट्टीतले, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडचे असतील, तेलंगणातले असतील.

हल्ली डीएनए चाचणीबद्दल विचारलं जातं. वडिलांकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र साधारण आडनावाच्याच वाटेने चालतं, म्हणजे तोच एक धागा. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईच्या आईच्या आईचा, तोही एकच धागा. उरलेल्या डीएनएवरून जे टक्के सांगतात ते त्या कंपनीकडे कोणाकोणाचे नमुने जमा आहेत त्यावर ठरतात. गाव त्यातून कळत नाही.

बायांचा माग आडनाव पुसून टाकतं. लग्नात आडनाव बदललं, कित्येक घरांत पाळण्यातलं नावही बदललं, आणि वहीत ती कोणाची तरी जौजे झाली. पण नागपूरकडच्या घरांत तिची खूण दुसरीकडे टिकते. जुन्या लग्नपत्रिका काढा. वर-वधूच्या मामांची नावं आणि गावं तिथे छापलेली असतात. मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेर. दोन-तीन पिढ्यांच्या पत्रिका मिळाल्या की घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेर आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक लेकीचं सासर एका कागदावर मांडा. पूर्वी सोयरीक बैलगाडीच्या पल्ल्यात व्हायची, म्हणून ही गावं एका पट्ट्यात गोळा होतात. आडनावातलं बोरगाव नेमकं कोणतं, हे बऱ्याचदा या पट्ट्यावरून ठरतं. कुलदैवताची साथ घ्या. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, गुहागरचा व्याडेश्वर, प्रत्येक नाव वेगळ्या दिशेला बोट दाखवतं. मात्र लांबच्या देवाला जाणं झेपेना तेव्हा पुष्कळांनी जवळचं ठाणं धरलं. तेव्हा 'आपलं कुलदैवत कोणतं' याच्या जोडीला 'आधी कोणतं होतं' हेही आजीला विचारा.

शेवटचा एक ठेवा सरकारी कचेरीबाहेर आहे. काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. त्या मुख्यतः मुलूख, गाव आणि समाजानुसार लावलेल्या असतात. म्हणून तिथे नुसतं आडनाव सांगून भागत नाही, जुनं गाव सांगावं लागतं. गाव जुळलं तर तुमच्या पणजोबांनी कोणत्या साली, कोणाबरोबर येऊन काय लिहून दिलं ते ते वाचून दाखवतात, आणि मग तुमची पिढी लिहून घेतात. ते लिहून देताना मुलांबरोबर मुलींची नावं सांगा, सुनांची माहेरची नावं आणि गावं सांगा, आणि आज तुम्ही नागपुरात कुठून आलात ते गाव तालुक्यासकट लिहायला लावा.